प्रपंच हलका करणारे नाथमहाराज

गोदावरीच्या उत्तर तीरावर पैठण आणि दक्षिण तीरावर आपल्या शेवगाव तालुक्यातील मुंगी. ही दोन गावे मुंगी-पैठण अशा जोडनावाने फार जुन्या काळापासून ओळखली जातात. आज त्या दोहोंचे जिल्हे वेगळे झाले, एक अहिल्यानगरात आणि दुसरे छत्रपती संभाजीनगरात गेले. परंतु फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की शेवगावकरांची पावले जिल्ह्याची हद्द विचारीत नाहीत. नाथषष्ठीला ती पैठणच्या वाटेला लागतातच. ज्या महापुरुषाच्या समाधीपर्यंत आपण एका दिवसाच्या चालीने पोचू शकतो, त्याचे चरित्र आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत यापूर्वीही आले असेल. तरीही यंदा ते पुन्हा लिहिण्याचे आम्ही योजिले, ते एका विशिष्ट हेतूने. नाथांची शांती सर्वांच्या परिचयाची आहे. त्या शांतीच्या आड जे एक मंद हास्य होते, तिकडे मात्र आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही.

एकनाथांचा जन्म इ.स. १५३३ च्या सुमारास पैठण येथे ऋग्वेदी देशस्थ घराण्यात झाला. विजयनगरास नेलेली श्रीविठ्ठलाची मूर्ती पंढरपुरास परत आणल्याचे श्रेय परंपरा ज्यांना देते, ते भानुदास हे त्यांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी ही दोघेही मुलाच्या बालपणीच निवर्तली. त्याचे संगोपन आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी केले. आईबापांवेगळे लेकरू, म्हाताऱ्या आजीआजोबांचा एकुलता एक आधार, आणि पाठीशी भानुदासांसारख्या पूर्वजाचे मोठे नाव. एवढे ओझे ज्याच्या पाठीवर जन्मतःच ठेवले गेले, तो मुलगा गंभीर आणि म्हाताऱ्या चेहऱ्याचाच निपजावयाचा. परंतु हा मुलगा वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास कोणालाही न सांगता घरातून निघाला आणि थेट देवगिरीस जनार्दनस्वामींच्या दारात जाऊन उभा राहिला. घरी म्हातारी माणसे किती तळमळली असतील याची कल्पना कोणत्याही आजीस विचारावी. चरित्रकार हा प्रसंग भक्तीच्या ओघात चटकन ओलांडून जातात. आम्हांस तो तितका सोपा वाटत नाही.

जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे देशपांडे. निजामशाहीत देवगिरीचे किल्लेदार असूनही ते दत्तोपासनेत रमलेले सत्पुरुष होते. गुरू मठातला नसून कचेरीतला, ही गोष्ट एकनाथांच्या घडणीत फार महत्त्वाची ठरली. तेथे शिष्याकडे जी सेवा आली तिच्यात पूजेची उपकरणे होती तसेच किल्ल्याचे हिशेबही होते. एका पैचा मेळ बसेना म्हणून एकनाथ रात्रभर दिव्याशी बसून राहिले आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने शाळेत ऐकलेली असते. गुरूंनी त्यावर त्यांस असे सुचविले की एका पैच्या चुकीचा शोध लागल्याने एवढा आनंद होतो, तर संसाराची केवढी मोठी चूक उलगडावयाची राहिली आहे, तिच्याकडे हेच लक्ष लावावे. या कथेचे तात्पर्य सहसा एकाग्रता असे सांगितले जाते आणि ते बरोबरच आहे. आमचे लक्ष मात्र त्या टाळीकडे जाते. आकडेमोडीत सारी रात्र गेली, झोप गेली, आणि त्या मुलाच्या तोंडून त्रासाचा उद्गार न निघता टाळी निघाली. जमाखर्चाचा खेळ ज्याला खेळ म्हणून खेळता येतो त्याला तो अचूकही खेळता येतो, एवढे त्या पहाटेने दाखवून दिले. आपल्या ज्ञातीत पिढ्यानपिढ्या हिशेबाच्या वह्या सांभाळणारी घराणी आहेत. त्यांपैकी किती जणांनी मेळ बसल्यावर टाळी वाजविली आणि किती जणांनी नुसते कपाळ चोळले, हे ज्याचे त्याने आठवावे.

गुरूंबरोबर नाशिक-त्र्यंबकेश्वराकडे यात्रा झाली. त्या प्रवासातच चतुःश्लोकी भागवतावर मराठी टीका लिहावयास सांगून जनार्दनस्वामींनी शिष्याच्या हाती लेखणी दिली. इकडे चक्रपाणींना नातवाचा ठावठिकाणा लागला होता. त्यांनी जनार्दनस्वामींकडून एक पत्र मिळविले. जेथे हे पत्र हाती पडेल तेथेच राहावे, अशी त्यात आज्ञा होती. पैठणात वाटेवर आजोबांनी ते पत्र पुढे केले आणि एकनाथ त्याच जागी थांबले. पुढील आयुष्यात त्यांचे घर तेच झाले. घर कोठे बांधावे, कोणत्या दिशेस दार ठेवावे, शेजार कसा असावा यासाठी माणूस किती खल करतो! नाथांनी वाटेत पाऊल थबकले तेथेच संसार मांडला. गिरिजाबाई गृहिणी म्हणून आल्या, दोन मुली आणि हरिपंडित हा मुलगा झाला, आणि पाहुण्यांना कधी बंद न होणारे असे ते घर उभे राहिले.

नाथांचा काळ सुखाचा होता असे कोणी समजू नये. १५६५ साली तालिकोटच्या रणांगणावर विजयनगर कोसळले. दख्खनच्या शाह्या आपसांत झुंजत होत्या, आणि नाथांच्या अखेरच्या वर्षांत मोगलांच्या फौजा निजामशाहीवर चालून आल्या होत्या. १६०० साली, म्हणजे नाथ गेल्यावर थोड्याच दिवसांत, अहमदनगरचा किल्ला पडला. फौजांच्या वाटेवरील गावांना उद्याची शाश्वती नव्हती. गावात शिवाशीव, वाद, बहिष्कार आणि पोटाची चिंता होतीच. अशा काळात शहाण्या माणसाने कपाळाला आठी घालून जगावे हेच रास्त दिसते. नाथांनी तसे केले नाही, म्हणूनच त्यांचे चरित्र तपासण्यासारखे आहे.

नाथांच्या सहनशीलतेच्या ज्या कथा आज सांगितल्या जातात त्या पुष्कळशा महिपतींच्या ग्रंथांतून आल्या आहेत. महिपती हे आपल्याच जिल्ह्यातील, राहुरी तालुक्यातील ताहराबादचे. त्यांचा भक्तविजय १७६२ साली पुरा झाला आणि नाथांचे विस्तृत चरित्र त्यांनी १७७४ सालच्या भक्तलीलामृतात गायिले. म्हणजे नाथ गेल्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी. त्यामुळे यातील प्रत्येक गोष्ट घडली तशीच लिहिली गेली असे आम्ही म्हणत नाही. परंतु एखाद्या माणसाविषयी लोकांनी कोणत्या गोष्टी जपून ठेवल्या यावरूनही त्या माणसाची ओळख पटते.

गोदावरीवरून स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक यवन थुंकत राहिला आणि नाथ पुनःपुन्हा नदीकडे वळले, ही कथा सर्वश्रुत आहे. एकशे आठ हा आकडा कीर्तनकारांचा असेल. अखेर तो मनुष्य लाजून पाया पडला तेव्हा, तुझ्यामुळे आज गंगेची इतकी स्नाने घडली, अशा अर्थाचे उत्तर नाथांनी दिल्याचे सांगतात. या उत्तरास आपण क्षमा म्हणतो. आमच्या मते क्षमेच्या आधीची एक पायरी तेथे आहे. क्षमा करावयास अपराध मोजावा लागतो. नाथांनी मोजली ती स्नाने.

दुसरी कथा याहून गमतीची आहे. एका गरीब ब्राह्मणास मुलाच्या मुंजीसाठी पैका हवा होता. पैठणच्या काही टवाळांनी त्यास दोनशे रुपयांची लालूच दाखविली, मात्र त्याने नाथांस संताप आणून दाखवावा. बिचारा न धुतल्या पायांनी देवघरात शिरला आणि पूजेस बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी त्याच्या प्रेमाचे कौतुक करून त्यास जेवावयास ठेवून घेतले. तूप वाढावयास गिरिजाबाई वाकल्या तोच हा त्यांच्या पाठीवर चढला. पाहुणा पडेल, जप, असे नाथांनी पत्नीस सुचविले. तर मुलास पाठीवर घेऊन काम करण्याची आपणांस सवय आहे, असे त्या माउलीने उत्तर दिले. ब्राह्मण रडकुंडीस येऊन खरा प्रकार बोलून बसला. त्यावर नाथांस हळहळ वाटली ती अशी की हे आधी समजते तर आपण रागावलो असतो आणि तुमचे काम झाले असते! राग ही एरवी माणसाला धरून ठेवणारी वस्तू. येथे ती गरजवंतास उसनी देण्याजोगी एक घरगुती चीज झाली आहे, उखळ-मुसळासारखी.

येथे आमच्या भगिनी आम्हांस थांबवितील हे आम्ही जाणतो. पाठीवर चढला तो गिरिजाबाईंच्या. अपरात्री पावसात पाहुणे आले, चुलीला वाळले सरपण नव्हते, तेव्हा घरातला पलंग मोडून चूल पेटविण्यात आली, असेही सांगतात. त्या चुलीपुढे डोळे चोळीत बसल्या त्याही गिरिजाबाईच. पुरुषाने संसार हलका मानावा आणि त्याचा भार स्त्रीने मुकाट्याने वाहावा, असा प्रकार जुन्या सत्पुरुषांच्या घरी पुष्कळदा झालेला आहे. नाथांच्या घरी तो थोडा कमी झाला असावा असे मानण्यास एकच जागा आहे. कथाकारांनी गिरिजाबाईंस मूक ठेवलेले नाही. ऐन प्रसंगी हजरजबाबी उत्तर त्यांच्याच तोंडी येते, आणि ते नवऱ्याच्या बोलण्याहून सरस असते. त्या घरातील हास्य दोघांचे होते. श्रीखंड्या आणि उद्धव यांची नावे घरच्या माणसांत येतात; त्यांनी पाण्याचा आणि चुलीचा भार उचलला असे परंपरा सांगते. श्रीखंड्याच्या रूपाने देवच कावडी वाहत होता या श्रद्धेने आजही षष्ठीच्या उत्सवात नाथांच्या वाड्यातील रांजण भरला जातो.

नाथांच्या हास्याचा खरा ठेवा म्हणजे त्यांची भारुडे. सुमारे तीनशे भारुडे त्यांच्या नावावर आहेत आणि त्यांचे विषय शंभरांहून अधिक भरतात. वासुदेव, गोंधळी, जोशी, बाळसंतोष, महार, आंधळा, बहिरा, मुका, पांगळा, भूत, कुत्रे, एडका, विंचू. गावात जे जे दिसते, भुंकते, डसते आणि भीक मागते ते सर्व तेथे बोलते झाले आहे. विंचू चावलेल्या माणसाची तडफड पाहून गाव हसते आणि हसता हसता लक्षात येते की हा विंचू कामक्रोधाचा आहे, नांगी आपल्यालाही लागलेली आहे. सासुरवाशीण भवानीस नवस बोलते. सासरा, सासू, नणंद, जाऊ अशी एकेकाची वाट लावून घेते आणि शेवटी आपण एकटीच उरावे असे मागते. आजही हे भारुड उभे राहिले की मंडपातील बायका तोंडाला पदर लावून हसतात, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या सासवाही हसतात. वर्षभर जे उरात साठते ते घटकाभर मोकळे होते. त्यातच अहंकाराची माणसे एकामागून एक निघून जाऊन एकटे उरणे, हा परमार्थही साधून जातो. नाथांनी संसारास शिव्या दिल्या नाहीत की संसार सोडून जाण्याचा उपदेश केला नाही. संसाराचे सोंग करून दाखविले. सोंग म्हणून पाहिलेली वस्तू छातीवर बसत नाही.

आणखी एका प्रकाराकडे आपल्या ज्ञातीने मुद्दाम लक्ष द्यावे. नाथांनी अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र, जमाखर्च अशा सरकारी कागदांच्या घाटाची रूपके रचली. देवगिरीच्या कचेरीतील फारसी शब्दांचा त्यांत सुकाळ आहे. शरीर हा परगणा, जीव हा त्यातील शेखदार, बुद्धी ही कारकून, आणि वरून हुकूम सुटताच धावाधाव! देशपांडेपण, कुळकर्णीपण, वतन, दप्तर, शिक्का यांच्याभोवती ज्या समाजाचे सारे महत्त्व गुंफले गेले होते, त्याच समाजात जन्मून नाथांनी त्या दप्तराची अशी गोड थट्टा केली. महाराच्या मुखाने धन्यास जोहार घालताना तर लिहिणारा कोणत्या आसनावरून लिहितो आहे हेच विसरावयास होते.

हा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट बोलून टाकतो. ज्ञातीच्या मेळाव्यांत आणि स्मरणिकांतून एक दुःख पुनःपुन्हा उगाळले जाते. १९४८ च्या जळिताचे, १९५० च्या कायद्याने गेलेल्या कुळकर्णी वतनांचे, १९५७ साली कुळांच्या नावे झालेल्या जमिनींचे. जळलेली घरे हा अन्याय होता आणि तो अन्यायच म्हटला पाहिजे. वतन आणि जमीन यांचे तसे नाही. त्या जमिनीवर ज्यांनी घाम गाळला त्यांच्या मुलांच्या ताटात त्यामुळे भाकरी आली. परंतु दोन्ही दुःखे एकाच गाठोड्यात बांधून तिसऱ्या पिढीच्या डोक्यावर ठेवण्याची आम्हांस सवय लागली आहे. ज्या नातवाने ते शेत कधी पाहिले नाही, तोही त्याच्या नावाने उसासे टाकतो. यावर नाथांपाशी काय आहे ते पाहावे.

भागवताच्या एकादश स्कंधावर नाथांनी जी टीका लिहिली ती एकनाथी भागवत. अठरा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ. त्यात तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या एका कृपण ब्राह्मणाची कथा आहे. त्याचे सर्व धन गेले. काही भाऊबंदांनी नेले, काही चोरांनी, काही राजाने, काही काळाने. मग तो भिक्षू झाला. गावची टवाळ पोरे त्याचे कमंडलू ओढीत, अन्न विटाळीत, अंगावर थुंकत. त्याने बसून एकेकाचा विचार केला. माझ्या दुःखाचे कारण हे लोक आहेत काय? देव आहेत काय? ग्रह, कर्म, काळ यांपैकी कोणी आहे काय? एकेक नाव तपासून तो बाजूस ठेवतो आणि शेवटी मनाशी येऊन थांबतो. मनच हे चाक फिरविते. मूळ कथा संस्कृत भागवतातली, परंतु नाथ तिच्यावर ज्या मायेने रेंगाळतात त्यावरून ती त्यांस स्वतःच्या गावची वाटली असावी. अंगावर थुंकणारी माणसे पैठणातही होती. लक्षात घेण्याजोगे असे की त्या भिक्षूचे धन परत आले नाही. त्याची बाजू कोणी मान्यही केली नाही. त्याच लोकांत तो हिंडत राहिला, फक्त गाठोडे डोक्यावरून उतरले.

ह्या ग्रंथापायीही नाथांस त्रास कमी झाला नाही. पहिले पाच अध्याय पैठणास लिहून झाले. त्यांची प्रत काशीस पोचली आणि शास्त्र प्राकृतात आणले म्हणून तेथील पंडित संतापले. नाथ काशीस गेले. आधी दोषी म्हणून ज्यांना बोलाविले होते त्यांनीच उरलेला ग्रंथ तेथे बसून लिहिला आणि शके १४९५ म्हणजे इ.स. १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेस तो पूर्ण केला. त्याच मुक्कामात, १५७१ साली, रुक्मिणीस्वयंवरही रचून झाले. डोक्यावर चौकशीची तलवार टांगलेली असता मनुष्य लग्नाचे आख्यान लिहितो, देवीच्या साजशृंगारात आणि वऱ्हाडाच्या गडबडीत रमतो, ही गोष्ट आम्हांस पंडितांवरील विजयापेक्षाही मोठी वाटते. शेवटी त्याच पंडितांनी ग्रंथाची मिरवणूक काढल्याचे सांगतात.

परंतु हलकेपणा म्हणजे सैलपणा नव्हे. १५८४ साली नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत लेखकांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी अनेक प्रती मिळवून दूर केले, आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावून ठेवले. पैच्या हिशेबासाठी जागलेला तोच डोळा येथे दिसतो. काटेकोरपणा कोठे वापरावयाचा आणि हसू कोठे, याची निवड त्यांची पक्की होती. आपण मात्र बहुधा उलट करतो. ग्रंथात काना-मात्रा चुकल्या तरी चालते, मानपानात आहेराचे पातळ चुकले तर दोन घरे दहा वर्षे बोलत नाहीत.

श्राद्धासाठी केलेला स्वयंपाक महारांच्या मुखी घातला, राण्या महाराच्या घरी जेवण केले, वाळवंटात तळमळणारे महाराचे मूल कडेवर उचलून घेतले, अशा कारणांनी पैठणच्या ब्रह्मवृंदाने नाथांवर बहिष्कार घातल्याच्या कथा आहेत. ती आपलीच ज्ञाती होती हे विसरून चालणार नाही. आज नाथ आमचे म्हणून स्मरणिकेत त्यांचे चित्र छापणाऱ्यांनी त्या पानाच्या मागील बाजूस आपल्या पूर्वजांचा तो ठरावही आहे असे समजावे. नाथांनी मात्र त्या ठरावाशी भांडण मांडले नाही, प्रायश्चित्त सांगितले तर ते घ्यावयास ते नदीवर गेले, आणि परत आल्यावर पुन्हा ज्याला भूक लागली त्याला वाढले. बहिष्काराचे हत्यार ज्याला टोचतच नाही त्याच्यावर ते चालविणारेच थकतात.

बाहेरच्यांचे एक वेळ ठीक. घरातले दुःख निराळे. मुलगा हरिपंडित मोठा शास्त्री झाला आणि बापाचे वागणे त्यास पटेना. वडिलांनी मराठीत पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे सहन न होऊन तो मुलांसह काशीस निघून गेला. नाथ वृद्ध होत चालले होते. त्यांनी काशी गाठली आणि मुलास परत यावयास विनविले. मुलाने दोन अटी घातल्या. मराठी पुराण बंद करावे, परान्न घेऊ नये. ज्या मराठीसाठी काशीच्या पंडितांपुढे उभे राहिले ती मराठी मुलाच्या सांगण्यावरून बाजूस ठेवावयाची! नाथांनी ते मान्य केले.

या ठिकाणी आम्ही बराच वेळ थांबलो. तत्त्वासाठी मुलास सोडणारे बाप इतिहासात पुष्कळ आहेत आणि त्यांची स्तुतीही होते. नाथांनी तत्त्व सोडले असेही म्हणता येत नाही, कारण पुढे ते परतले. त्यांनी सोडला तो स्वतःच्या मोठेपणाचा आग्रह. पैठणास आल्यावर हरिपंडितांनी संस्कृतातून पुराण सांगावयास आरंभ केला. वडील श्रोत्यांत जाऊन बसले. श्रोते दिवसेंदिवस कमी होत गेले. नाथांनी त्यावर मुलास एक शब्दही लावून बोलल्याचे कोणी लिहिलेले नाही. आपल्यापैकी किती बापांस हे साधले असते? पुढे एका गरीब स्त्रीच्या सहस्रभोजनाच्या संकल्पासाठी नाथांनी एकट्याने तिच्या घरी जेवण केले, आणि उष्टी पत्रावळ उचलावयास गेलेल्या हरिपंडितांस एका पत्रावळीखाली दुसरी अशा सहस्र पत्रावळी निघालेल्या दिसल्या, अशी कथा आहे. चमत्काराचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडावा. चमत्काराच्या आधीचे ते दिवस मात्र कोणत्याही घरात घडण्यासारखे आहेत. मुलगा व्यासपीठावर चुकतो आहे, समोरची जागा रिकामी होते आहे, आणि बाप शांतपणे खाली बसून ऐकतो आहे. हरिपंडितांचे मन अखेर वळले आणि पुराण पुन्हा मराठीत सुरू झाले.

लोकांनी नाथांस विसरण्याचा प्रश्नच आला नाही. १९३५ साली प्रभात कंपनीने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली त्यांच्यावर बोलपट काढला आणि बालगंधर्वांनी नाथांची भूमिका केली. त्याचे मूळचे महात्मा हे नाव परीक्षकांच्या आक्षेपामुळे बदलून धर्मात्मा करावे लागले. १९७६ मध्ये पैठणजवळ जायकवाडीचे धरण पुरे झाले आणि त्याच्या अफाट जलाशयास नाथसागर असे नाव मिळाले. आपल्या तालुक्यातील गोदाकाठची कित्येक गावे त्या पाण्यासाठी उठली. ज्यांची घरे पाण्याखाली गेली त्यांस त्या नावाने काय वाटत असेल हे सांगावयास आम्ही अधिकारी नाही. एवढे मात्र खरे की त्या नव्या वसाहतींतूनही षष्ठीस दिंड्या निघतात.

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दनस्वामींच्या आयुष्यातील थोर दिवसही परंपरेने याच तिथीस सांगितले जातात. त्या वेळी नाथांचा भावार्थरामायणाचा ग्रंथ चालू होता. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले होते. लंकेचे युद्ध ऐन भरात, रावण अजून उभा, आणि लेखणी खाली ठेवण्याची वेळ आली. एवढा मोठा ग्रंथ अपुरा राहतो म्हणून त्यांचे पाऊल अडले नाही. पुरा कोण करणार, हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी बोट दाखविले ते शास्त्री झालेल्या मुलाकडे नव्हे. घरात गावबा नावाचा एक पोरगा होता. पैठणातीलच एका विधवेचा तो मुलगा. अभ्यासात ढ, पुरणपोळीचा अतोनात नाद, आणि रोज पुरणपोळी मिळते म्हणून नाथांच्या घरी राहिलेला. त्यास मंत्र द्यावयास गेले तर एकनाथ या नावाखेरीज दुसरे काही म्हणावयास तो तयार होईना. पंडितांच्या गावात हा सर्वांच्या थट्टेचा विषय होता. उरलेले रामायण गावबा पुरे करील, असे सांगून नाथ नदीकडे गेले. युद्धकांडाचा शेष भाग आणि पुढचे उत्तरकांड गावबाने लिहून काढले. दोघांचे हात एकाच ग्रंथात आहेत आणि तो ग्रंथ आजही घरोघर वाचला जातो.